औंधचे नमस्कार

पुण्याजवळचें औंध आतां सर्वांस ठाऊक आहे. तेथील उंच इमारतींचें आणि त्यांच्या पायथ्याशीं सकाळ-संध्याकाळ अडून राहणाऱ्या वाहनांचें वर्णन करण्याची आवश्यकता नाहीं. मला सांगावयाचें आहे तें सातारा जिल्ह्यांतील, खटाव तालुक्यांतील औंधाविषयीं. पुणें-मिरज लोहमार्गावरील रहिमतपूर स्टेशनावर उतरावें, आणि तेथून एस. टी. नें किंवा मिळेल त्या वाहनानें पूर्वेची वाट धरावी. उंसाची हिरवी समृद्धि हळूहळू मागें पडते, ज्वारीचीं शेतें लागतात, मग माळ आणि उघडे डोंगर दिसूं लागतात. हा कमी पावसाचा मुलूख आहे. येथें माणसास जमिनीकडून जें मिळतें तें कष्टानें मिळतें. अशा त्या माळरानांत एक बेताची टेकडी, तिच्या माथ्यावर तटबंदी, तटाआड देवळाचें शिखर आणि पायथ्याशीं गांव दिसलें म्हणजे औंध आलें असें समजावें.

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळ घराण्यांची कुलदेवता येथली यमाई. घरांत लग्नकार्य झालें म्हणजे नवीन जोडप्यास देवीच्या पायांवर घालण्यासाठीं वर्षानुवर्षें मंडळी येथें येत आली आहेत. ज्योतिबानें देवीस ‘ये माई’ अशी हांक मारली, म्हणून ती यमाई झाली, अशी लोकांत व्युत्पत्ति आहे. व्याकरणकारांस ती पटो वा न पटो, आमच्या सासूबाईंस ती पूर्णपणें पटलेली आहे. आम्हीं गेलों तें पुतण्याच्या लग्नानंतर. वर जाण्यास पायऱ्याही आहेत आणि गाडीरस्ताही आहे. सासूबाईंचें वय शहात्तर. तेव्हां गाडी वर न्यावी असें यांनीं सुचविलें. “गाडींतून उतरून देवीपुढें उभं राहायचं, म्हणजे शेजारणीकडे हळदीकुंकवाला गेल्यासारखं,” असें म्हणून त्यांनीं पदर खोंचला आणि गुडघ्यावर हात देत देत त्या सर्व पायऱ्या चढल्या. वरची मूर्ति काळ्या पाषाणाची, भव्य, बसलेली आहे. गाभाऱ्यांतील थंडाव्यांत आणि तेलाच्या वासांत उभें राहिलें असतां चढतांना लागलेली धाप केव्हां थांबली हें कळत नाहीं.

देवीस नमस्कार करण्यासाठीं सर्वच येतात. माझ्या मनांत आणखी एका प्रकारच्या नमस्काराचें कुतूहल होतें. आज जगाच्या पाठीवर कोणत्याही मोठ्या शहरांत योगाच्या वर्गाचा आरंभ बहुधा ज्या क्रियेनें होतो, ती सूर्यनमस्काराची क्रिया घरोघर जावी म्हणून ज्या एका माणसानें उभें आयुष्य खर्ची घातलें, तो या गांवचा राजा होता.

टेकडीवरच, देवळाच्या वाटेवर, त्याची ओळख होते. श्रीभवानी चित्रपदार्थसंग्रहालय हें तेथें १९३८ सालीं उभें राहिलें. एवढ्याशा गांवांत राजा रविवर्म्याचीं आणि धुरंधरांचीं चित्रें, आणि त्यांच्याच सोबतीस हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची माता व बालक यांची लहानशी मूर्ति पाहून नवखा मनुष्य थबकतो. हा संग्रह करणारे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचा जन्म १८६८ चा. १९०९ मध्यें ते गादीवर आले, १९४८ मध्यें त्यांचें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि १९५१ मध्यें ते वारले. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते. संस्थान म्हणाल तर लहानसें, आणि तेंही तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलें. परंतु लक्ष्मणराव किर्लोस्करांस कारखान्यासाठीं माळावर जागा दिली ती याच राजानें, आणि किर्लोस्करवाडी वसली ती याच संस्थानच्या हद्दींत. १९३९ सालीं महात्माजींच्या सल्ल्यानें त्यांनीं आपले अधिकार प्रजेच्या हातीं सोंपविणारी राज्यघटना जाहीर केली. एवढें सर्व सांगून झाल्यावरही जुन्या माणसांच्या तोंडीं त्यांचें वर्णन ‘नमस्कारवाले राजे’ असेंच येतें.

त्यांच्या नमस्कारांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. तरुणपणीं त्यांस वेड होतें तें सँडो या युरोपीय मल्लाचें. त्याचीं पुस्तकें व उपकरणें मागवून त्यांनीं सुमारें दहा वर्षें त्या पद्धतीनें व्यायाम केला. पुढें मिरजेच्या संस्थानिकांच्या सल्ल्यानें ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि मग उपकरणांची पेटी कायमची मिटली. नमस्कार हे कांहीं त्यांनीं शोधून काढलेले नव्हेत. समर्थ रामदास रोज शेंकड्यांनीं नमस्कार घालीत अशी परंपरा आपण लहानपणापासून ऐकतों. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत रथसप्तमीस किंवा नवस म्हणून नमस्कार घालण्याची चाल होतीच. राजेसाहेबांनीं केलें तें असें, कीं व्रताचा नमस्कार त्यांनीं नित्याचा केला, आणि देवघरांतला नमस्कार शाळेच्या पटांगणांत व माजघरांत आणला. त्यासाठीं पुस्तकें लिहिलीं, व्याख्यानें दिलीं, स्वतः करून दाखविलें. १९३८ सालीं लुईज मॉर्गन या बाईंनीं संपादिलेलें त्यांचें इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें निघालें.

हा योग आहे कीं नव्हे, असा वाद घालणारे आजही भेटतात. खरें पाहतां, त्या काळीं दोहोंचीं बिऱ्हाडें वेगळीं होतीं. हठप्रदीपिकेवरील ‘ज्योत्स्ना’ टीकेंत ब्रह्मानंदानें, साधकानें टाळावयाच्या कायक्लेशांत पुष्कळ सूर्यनमस्कार घालण्याचीही गणना केली आहे. १९२४ मध्यें लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं कैवल्यधाम स्थापून आसनें व प्राणायाम यांची उपकरणांच्या साहाय्यानें परीक्षा चालविली, तो प्रवाह निराळा. आणि औंधचा निराळा. म्हैसूरच्या राजवाड्यांतही १९३० नंतरच्या दशकांत कृष्णमाचार्यांची योगशाळा एकीकडे व नमस्कारांचा वर्ग दुसरीकडे अशी व्यवस्था होती. पुढें कृष्णमाचार्यांच्या शिष्यांपैकीं पट्टाभि जोइस यांच्या पद्धतींत आरंभच नमस्कारानें होऊं लागला, आणि तेथून तो सातासमुद्रांपलीकडे गेला. एक मात्र आहे. ब्रह्मानंदाचा आक्षेप ‘पुष्कळ’ नमस्कारांस आहे, हें हट्टानें शंभराचा आंकडा गांठूं पाहणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनीं ध्यानांत ठेवावें. माझ्यासारख्या बारा घालणाऱ्या बाईवर त्याचा कटाक्ष नसावा.

औंधच्या पद्धतींत नमस्काराच्या दहा अवस्था मानितात. इतरत्र हात वर नेण्याची अवस्था आरंभीं व शेवटीं मिळवून बारा करितात. त्यानें कांहीं बिघडत नाहीं. प्रथम पावलें जुळवून, ताठ उभें राहून, हात छातीशीं जोडावयाचे. मग गुडघे न वांकवितां पुढें लवून तळवे पावलांच्या दोहों बाजूंस जमिनीवर टेकावयाचे. येथें बहुतेकांची पहिली परीक्षा होते, आणि पहिल्या महिन्यांत बहुतेक सर्व नापास होतात; अशा वेळीं गुडघे थोडे वांकवावे, हें पाठ दुखवून घेण्यापेक्षां बरें. मग एक पाय मागें नेऊन गुडघा टेकावयाचा व दृष्टि वर करावयाची, मग दुसराही पाय मागें नेऊन कंबर उंच उचलावयाची, त्यानंतर साष्टांग. दोन पाउलें, दोन गुडघे, दोन तळवे, छाती आणि कपाळ हीं आठ अंगें भूमीस लागावयाचीं. पोट मात्र आंत ओढून भूमीपासून सुटें ठेवावयाचें. मग छाती वर उचलून मान मागें, पुन्हां कंबर उंच, पुन्हां एक पाय पुढें, मग दोन्ही पाय पुढें, आणि शेवटीं पहिल्यासारखें उभें राहावयाचें. एकदां भूमीस टेकलेले तळवे पुन्हां उभें राहीपर्यंत जागचे हलवावयाचे नाहींत, हा या पद्धतीचा कणा. तळवे स्थिर ठेवले म्हणजे बाकीचें शरीर त्यांभोंवतीं आपोआप मापांत येतें; ते सरकवूं दिले कीं सर्वच अवस्था सैल पडतात. ज्या पायानें एका नमस्कारांत आरंभ केला, त्याच्या दुसऱ्या पायानें पुढच्या नमस्कारांत करावा.

प्रत्येक नमस्कारापूर्वीं ओंकार, बीजाक्षर आणि सूर्याचें एक नांव म्हणावयाचें असतें. मित्र, रवि येथपासून अर्क, भास्कर येथपर्यंत बारा नांवें झालीं म्हणजे बारा नमस्कार झाले. बीजाक्षरें मोठ्यानें उच्चारण्यावर राजेसाहेबांचा फार भर होता, आणि त्या ध्वनीच्या कंपांनीं शरीराच्या निरनिराळ्या भागांस आरोग्य लाभतें असें ते मानीत. त्यांच्या लेखनांत नमस्कारांच्या अंगीं जितके गुण सांगितले आहेत, तितके आजचा डॉक्टर मान्य करणार नाहीं, आणि कोणी सांगितले तर आपणही डोळे मिटून मानूं नयेत. तथापि नांव म्हणण्याचे दोन उपयोग मला रोकडे दिसतात. एक, लांब उच्चारानें श्वास सावकाश सुटतो व घाई होत नाहीं. दुसरा, हिशेब चुकत नाहीं. हलकेपणानें घातलेल्या एका नमस्कारास वीस-पंचवीस सेकंद पुरतात. म्हणजे बारा नमस्कारांस पांच मिनिटें. जागा म्हणाल, तर आपल्या उंचीइतकी लांब व दोन हात रुंद. गुळगुळीत फरशीवर चटई सरकते; घडी घातलेलें घोंगडें सरकत नाहीं. पोट रिकामें असावें, खिडकी उघडी असावी. ज्यांस रक्तदाबाचा, हृदयाचा, आंतगळीचा, कांचबिंदूचा किंवा मणक्याचा विकार आहे, त्यांनीं आपल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून यांत पडूं नये. बाकीच्यांनीं तिनांपासून आरंभ करावा, आणि तीन सहज झाल्याखेरीज चौथा घालूं नये.

इतकी सोपी, फुकटची गोष्ट. मग ती घरोघर कां नाहीं? या प्रश्नाचें उत्तर मला पुस्तकांत मिळालें नाहीं; तें त्याच दिवशीं दुपारीं, गांवांत ज्यांच्या ओसरीवर आम्हीं पाणी मागितलें, त्या घरच्या आजोबांकडून मिळालें. त्यांनीं नव्वदी ओलांडलेली. विलीनीकरणाच्या सुमारास ते येथल्या शाळेंत होते. राजेसाहेबांनीं संस्थानच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे केले होते, हें मीं वाचलें होतें, म्हणून मोठ्या उत्साहानें त्यांस विचारिलें, “म्हणजे आजोबा, तुम्ही अजून नमस्कार घालीत असाल!”

आजोबा हंसले. “छे हो. आज्ञा होती तोंवर घातले. रांगेंत उभं राहायचं, आंकडा म्हटला कीं वांकायचं. कधीं स्वतः महाराज बघायला यायचे, तेव्हां तर जरा जास्तच वांकायचं. संस्थान गेलं, आज्ञा गेली, आमचे नमस्कारही गेले. वर्गांतले निम्मेअधिक असेच. आतां वाटतं, घातले असते तर बरं होतं. पण तेव्हां सुटका झाल्यासारखं वाटलं होतं.” मग कांहीं वेळ थांबून ते म्हणाले, “आईचे मात्र सुटले नाहींत.”

त्यांच्या मातोश्रींस कोणी आज्ञा केलेली नव्हती. शाळेंत मार बसूं नये म्हणून पोरगा घरीं सराव करी. तो माजघरांत, कणगीच्या आडोशानें ती पाहत असे. एके दिवशीं तो पाणी पिण्यास आंत गेला, तों आई साष्टांग घालून होती. त्यास वाटलें, आई पडली. म्हणून तो ओरडला. ती उठली, आणि “गप, ओरडूं नकोस, तिकडं ऐकूं जाईल,” एवढेंच म्हणाली. चुलीवर तवा ठेवावयाचा, आणि तो तापेपर्यंत पांच नमस्कार घालावयाचे, असा तिचा नेम होता. पांचांवर ती कधीं गेली नाहीं, कारण सहाव्याला तवा जळे. सासऱ्यांस कळलें तेव्हां त्यांनीं कांहीं बोलून दाखविलें, पण महाराजच स्त्रियांनीं नमस्कार घालावे म्हणतात, तेव्हां उघड विरोध कसा करणार? असे तिचे पांच नमस्कार नातसुना येईपर्यंत चालले. शेवटीं शेवटीं ती गुडघे टेकून, उभी न राहतांच घालीत असे.

हें ऐकतांना माझ्या मनांत प्रथम आलें तें तिच्या लुगड्याचें. काष्ट्याच्या नऊवारी लुगड्यांत पाय मोकळा मागें जातो. आपल्या गोल पातळांत किंवा गाऊनमध्यें तो जात नाहीं. नमस्कारांसाठीं निराळा पोषाख करावा लागतो, आणि पोषाख बदलावयाचा म्हणजे घरांत जाहीर करावें लागतें कीं मी आतां माझ्यासाठीं कांहीं करीत आहें. येथें गाडें अडतें. पांच मिनिटें व दोन हात जागा हा हिशेब राजेसाहेबांनीं बरोबर केला होता. परंतु सकाळीं सहापासून आठपर्यंतचा वेळ आपल्या घरांतून कोणाच्या मालकीचा असतो, याचा हिशेब राजवाड्यांत बसून होण्याजोगा नव्हता. पाणी भरावयाचें, चहा, डबे, शाळेची गाडी, वृद्धांचीं औषधें, कामवालीची वाट. या सर्वांच्या मधोमध बाईनें घोंगडी पसरून आडवें व्हावयाचें! पुरुषानें दार लावून बसलें तर तो साधना करितो. बाईनें दार लावलें तर तिला बरें नाहीं काय, अशी चौकशी होते. ही तक्रार मी कोणा एकावर करीत नाहीं. आमच्या आयांनीं आणि सासवांनींही, आम्हीं पांच मिनिटें बसलों कीं हातांत निवडावयाची भाजी आणून दिलेली आहे.

औंधचे राजे मोठे खरे. १५ वर्षांच्या मुलानें व ५० वर्षांच्या बाईनें एकच व्यायाम करावा, तोही पैसा न खर्चितां, हें त्या काळीं सिंहासनावरून सांगण्यास धैर्य लागलें असेल. पण आज्ञेनें घातलेले हजारों नमस्कार संस्थानाबरोबर सरले, आणि कणगीआडचे पांच टिकले, ही गोष्ट त्यांच्या पुस्तकांत नाहीं. दर वर्षीं २१ जून रोजीं आतां मोठमोठ्या मैदानांवर योगदिन साजरा होतो. २०१५ पासून ही प्रथा पडली, आणि तींत वाईट कांहींच नाहीं. परंतु २२ जूनच्या सकाळीं कोणाच्या घरीं घोंगडी पसरली जाते, आणि त्या वेळीं चुलीपाशीं कोण असतें, हें पाहावयास मैदानावर कोणीही जात नाहीं.

निघण्यापूर्वीं आजोबांनीं तें माजघर दाखविलें. कणग्या आतां नाहींत. तेथें फ्रीज आहे, आणि वर नातवाच्या पदवीदानाचा फोटो आहे. मीं जमिनीकडे पाहिलें. दोन खांबांच्या मध्यें जेमतेम एक मनुष्य आडवा होईल एवढी जागा. सासूबाईंनींही ती पाहिली. त्या बोलल्या नाहींत, पण रहिमतपूरच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसलों असतां एकाएकीं यांस म्हणाल्या, “उद्यांपासून सकाळचा चहा तूं करत जा. हिला वेळ लागतो.”

कशास वेळ लागतो हें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि यांनीं विचारिलेंही नाहीं. आज या गोष्टीस चार महिने होत आले. माझे बारा पुरे होतात. सासूबाई भिंतीस टेकून, खुर्चीवर बसून, हात जोडून बारा नांवें म्हणतात. मित्रापासून भास्करापर्यंत त्यांस पाठ आहेत, आणि माझ्याकडून एखादें गाळलें गेलें तर त्या तें परत म्हणावयास लावितात. चहांत साखर अजून थोडी जास्त पडते.